वाचकांचे प्रश्न: बझर ओरडतो, इंजिन मात्र थंडच

समुद्री डिझेल इंजिनांबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी एकाच तक्रारीची गर्दी आहे: टेंपरेचरचा अलार्म वाजतो आणि इंजिन उघडून पाहावं तर काही बिघडलेलं नसतं. पुण्याला समुद्र नाही, पण समुद्रात पैसा घातलेली माणसं पुण्यात पुष्कळ आहेत, असं या पत्रांवरून दिसतं.

प्रश्न : मामेभावाबरोबर भागीदारीत हर्णैला आमची एक मासेमारीची बोट आहे. इंजिन चार सिलिंडरचं, डिझेल. पावसाळी बंदी उठल्यावर बोट पाण्यात गेली आणि टेंपरेचरचा बझर वाजायला लागला. सुरुवातीला गप्प असतो, रेस वाढवली की ओरडतो. मीटरचा काटा मात्र ८० वरून हलत नाही. मेकॅनिकने इम्पेलर (पाणी ढकलणाऱ्या पंपाचं रबरी चाक) बदलला, थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. शेवटी मी टेंपरेचर स्विच काढून पुण्याला आणला. त्यावर ९८ अंश लिहिलंय. घरी उकळत्या पाण्यात धरून मल्टीमीटर लावला, तर तो सर्किट जोडतच नाही. नवा मागवला, तोही जोडत नाही. दोन्ही बाद समजू का? (वाचक, कोथरूड)

उत्तर : दोन्ही स्विच बहुधा ठणठणीत आहेत. कमी पडलं ते तुमचं पाणी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, आणि दर ३०० मीटरमागे पाण्याचा उत्कलनबिंदू जवळजवळ एक अंशाने उतरतो. म्हणजे कोथरूडच्या गॅसवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळणार. ज्वाला कितीही मोठी करा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्याच्या वर जात नाही. त्यात अशा स्विचला दोन-तीन अंश इकडेतिकडे माफ असतात. तेव्हा तो जोडला नाही म्हणून फेकू नका. खात्रीच करायची असेल तर कोरड्या पातेल्यात थोडं तेल घ्या, त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर सोडा, स्विचचा फक्त पितळी आट्यांचा भाग बुडवा आणि १०५ अंशांपर्यंत हळूहळू न्या. स्विच पूर्ण कोरडा हवा. गरम तेलात पाण्याचा थेंब पडला तर चटका तुम्हाला बसेल.

पण तुमच्या प्रयोगाचा खरा निष्कर्ष तुमच्या नजरेतून सुटला. बझर खोटा वाजवायचा तर स्विच वेळेआधी जोडायला हवा. तुमचा तर ९८ ला पोचूनही जोडत नाही. म्हणजे तुम्हीच त्याला निर्दोष सोडलंत. आता संशय वायरवर.

वायरकडे वळण्याआधी मात्र दोन गोष्टी. पहिली, बझर वाजतो तेव्हा पॅनेलवर दिवा कोणता लागतो? पत्रात ते नाही. बहुतेक पॅनेलांवर ऑइल प्रेशर आणि टेंपरेचर या दोघांना मिळून एकच बझर असतो. तेलाच्या झारीचं चित्र असलेला दिवा लागत असेल, तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा, इंजिन बंद करा आणि डिपस्टिक बघा. तुमचा बझर आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) गप्प आणि रेस वाढवल्यावर वाजतो, यावरून मला तेलाची शंका कमी वाटते. तेलाचा दाब खरंच कमी असेल तर तो गरम इंजिनात आधी आयडलला पडतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. रेस वाढवल्यावर वाजणारा अलार्म खराही असू शकतो, कारण लोड आला की उष्णता वाढते. मीटर ८० दाखवतो याने निर्धास्त होऊ नका. मीटरचा सेंडर (मीटरला तापमान कळवणारा सेन्सर) वेगळा, बझरचा स्विच वेगळा, दोघांपैकी कोण खोटं बोलतंय हे तिसऱ्याला विचारावं लागतं. तो तिसरा म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर, लांबूनच तापमान मोजणारी बंदूक. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, मिळेल. एक काळजी घ्या: चकचकीत ॲल्युमिनियमवर बंदूक धरली तर ती प्रत्यक्षापेक्षा बरंच कमी तापमान सांगते. थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तो तापू द्या आणि बंदूक त्या टेपवर धरा. स्विच जिथे बसतो त्याच्या शेजारीही एक तुकडा लावा. बझर वाजत असताना दोन्हीकडे ८०-८५ दिसलं, एक्झॉस्टमधून समुद्राचं पाणी नेहमीच्या जोराने पडत असलं, तर अलार्म खोटा म्हणा. त्याआधी म्हणू नका.

आता वायर. तुमचा स्विच एका वायरचा असणार. एरवी उघडा असतो, तापला की वायर इंजिनच्या बॉडीला जोडतो आणि बझर वाजतो. त्यामुळे स्विच ते पॅनेल या अख्ख्या रस्त्यात ती वायर कुठेही इंजिनच्या लोखंडाला टेकली, की बझरच्या दृष्टीने इंजिन तापलंच. बझर वाजत असताना स्विचवरचा लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी) उपसा आणि कुठे टेकणार नाही असा धरा. वाजणं चालूच राहिलं तर वायर कुठेतरी सोललेली आहे. आयडलला गप्प आणि रेसवर ओरडणं हे घासलेल्या वायरचं अगदी नेहमीचं लक्षण, विशिष्ट आरपीएमला थरथर वाढते आणि उघडी तार लोखंडाला लागते. माझा हात आधी जाईल तो हार्नेस (टेपने बांधलेला वायरींचा जुडगा) ब्रॅकेटवरून वळतो तिथे आणि एक्झॉस्टच्या जवळून जातो तिथे. हाताने वायर इंचाइंचाने हलवत जा, मामेभावाला पॅनेलपाशी उभं करा. जिथे बझर थांबतो किंवा सुरू होतो, तिथे टेप उकला.

इंजिनाचा मल्टिपिन कनेक्टरही उघडून बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने बोट खारट दमटात उभी राहते आणि पिनांवर हिरवा थर चढतो. शेजारच्या पिनांमध्ये तो ओला थर पूल बांधतो, त्यातून थोडा प्रवाह गळतो आणि इलेक्ट्रॉनिक बझरला तेवढाही पुरू शकतो. पिना साफ करा. तांब्याची तार आतपर्यंत काळी पडली असेल तर तो तुकडा कापून टिनचा मुलामा असलेली वायर घाला, टोकाला नीट दाबून बसवलेल्या (क्रिंप केलेल्या) धातूच्या थिंबलसह. पिळून टेप गुंडाळलेला जोड बोटीवर एक हंगामही काढत नाही.

स्विच परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे देऊ नका. त्याला अर्थिंग, म्हणजे इंजिनच्या बॉडीशी विजेची जोड, मिळते ती आट्यांतूनच. टेपने ती तुटली तर बझर उद्या खरोखर वाजायला हवा तेव्हाही वाजणार नाही, आणि तुम्ही म्हणाल, चला, दुरुस्त झालं. मीटरच्या सेंडरचंही तेच, अर्थिंग बिघडलं की काटा कमी दाखवतो. पाणीच गळून गेलं असेल तर सेंडर कोरडा पडतो आणि तेव्हाही काटा खाली येतो, इंजिन भाजत असताना.

प्रश्न : आमच्या बोटीला खाली केबिनमध्ये आणि वर, असे दोन ठिकाणी मीटर होते. वरचं पॅनेल काढून टाकलं. नंतर सेंडर खराब झाला म्हणून जुन्याच नंबरचा नवा आणून घातला. आता खालचं मीटर १०५-११० दाखवतं. इंजिनला हात लावून पाहिला, तेवढं तापलेलं वाटत नाही. (वाचक, औंध)

उत्तर : जुना नंबर हाच घोळ. दोन मीटर चालवणाऱ्या सेंडरचा रोध (रेझिस्टन्स) एका मीटरच्या सेंडरच्या निम्मा असतो, आणि या सेंडरचा रोध तापमान वाढलं की घटतो. एकट्या मीटरला निम्मा रोध दिसला, की ते समजणार पाणी फार तापलंय. एका मीटरचा सेंडर घ्या, तुमच्या मीटरच्याच कंपनीचा. युरोपीय आणि अमेरिकी मीटरांचे ओहम वेगळे असतात, आटे बसले म्हणून जोडी जमली असं होत नाही. आणि ८५ आणि १०५ यांतला फरक हाताला कळत नाही, दोन्हीकडे हात भाजतोच. हाताने तापमान बघण्याची ही सवय मोडा.

प्रश्न : मी मरीन इंजिनिअरिंगला आहे. जहाजावरच्या ट्रेनिंगमध्ये मेन इंजिनच्या एकाच सिलिंडरचं जॅकेट वॉटर आउटलेट (सिलिंडर गार करून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान) बाकीच्यांपेक्षा दहा अंश जास्त दिसायचं आणि अलार्म यायचा. सेकंड इंजिनिअर म्हणाले, टर्मिनल बॉक्समधले स्क्रू घट्ट कर. केले आणि अलार्म गेला. पण सैल जोडाने तापमान कमी दिसायला हवं ना? (वाचक विद्यार्थिनी, तळेगाव)

उत्तर : सेन्सर कोणता यावर ते ठरतं, बाई. वरच्या दोन उत्तरांतले सेंडर तापल्यावर रोध घटवणारे. तुझ्या जहाजावर बहुधा पीटी-१०० होता, प्लॅटिनमचा. तो उलटा: ० अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५ ओहम, म्हणजे अंशामागे साधारण ०.३८५ ओहम वाढ. आता सैल किंवा गंजलेल्या स्क्रूने वाटेत ४ ओहम भर घातली, तर यंत्रणेला तापमान दहा अंशांनी जास्त वाटतं. हिशेब तुझ्या दहा अंशांशी जुळतो बघ. तीन तारांच्या जोडणीत तारांचा रोध वजा होतो, पण तीनही तारांचा रोध सारखा आहे असं धरून. एकच स्क्रू सैल असला की वजाबाकी चुकते.

स्क्रू आवळण्याआधी आणखी एक करायचं असतं, पुढच्या वेळी कर. त्याच आउटलेटवर काचेचा स्थानिक थर्मामीटर असतो, तो वाच आणि वहीत लिही. मग शेजारच्या सिलिंडरच्या सेन्सरशी तारांची अदलाबदल कर, अर्थात सेकंडना सांगून आणि अलार्म कुठला कुठे गेलाय हे कंट्रोल रूममध्ये कळवून. जास्तीचं तापमान सेन्सरबरोबर दुसऱ्या चॅनेलवर (यंत्रणेतल्या दुसऱ्या सिलिंडरच्या नोंदीवर) गेलं तर दोष सेन्सरकडच्या बाजूला. जुन्याच चॅनेलवर राहिलं तर केबल किंवा यंत्रणेतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड.

प्रश्न : मांडव्याला जेट्टीवर लागल्यावर इंजिन बंद करतो. दहा मिनिटांनी चावी फिरवली की टेंपरेचरचा दिवा आणि बझर, इंजिन सुरू झाल्यावर मिनिटभरात बंद. सेन्सर बदलू का? (वाचक, बाणेर)

उत्तर : नको. जोरात आणून एकदम बंद केलं की पंप थांबतो, पाणी फिरत नाही आणि हेडमधली साठलेली उष्णता जागच्या जागी पाण्यात उतरते. तापमान काही काळ खरंच वाढतं. बंद करण्याआधी न्यूट्रलला चार-पाच मिनिटं आयडल चालू द्या. त्यानंतरही दिवा लागला तर कूलंटची पातळी, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या आणि प्रेशर कॅप तपासा. कॅप इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा.