हाताला सुई टोचलेली कळत नाही, मग तो दुखतो कसा?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही हुडकेश्वरला राहतो. माझे मिस्टर बुटीबोरीला एका कारखान्यात टर्नर होते. दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्टवरून घरी येताना वर्धा रोडवर त्यांची गाडी एका ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागचा लाइट नव्हता. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला, पण पडले ते उजव्या खांद्यावर. मानेतून हाताला येणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या गेल्या असं एमआरआयमध्ये आलं. पाचव्या महिन्यात बाहेरगावी ऑपरेशन केलं, बरगड्यांमधल्या नसा दंडाला जोडल्या. आता कोपर थोडं वाकतं. खोकला आला तर आपोआप वर येतं आणि सासूबाई म्हणतात, बघ, हात येऊन राहिला. मनगट आणि बोटं मात्र तशीच लोंबकळतात.

हाताचं एक वेळ राहू द्या. दुखण्याचं काय करू? शेगडीवर धरल्यासारखी दिवसभर आग होते म्हणतात. मध्येच करंट लागल्यासारखं होतं, तेव्हा डाव्या हातातलं ताटसुद्धा सुटतं. "कसं वाटून राहिलं?" विचारलं की "दुखूनच राहिलं, अजून काय" एवढंच उत्तर. नाही विचारलं तर रात्री म्हणतात, तुला काही पडलेलीच नाही.

सासूबाईंचं एकच: "सुई टोचली तं समजत नाही, अन् म्हन्ते दुखून राह्यलं!" मागच्या हिवाळ्यात त्यांनी मिठाचा शेक दिला, तळहाताला हा मोठा फोड आला, ह्यांना पत्ताही लागला नाही. शेजारचा आयटीआयचा मुलगा संध्याकाळी ड्रॉइंग समजून घ्यायला येतो. त्या तासाभरात हे दुखण्याचं नाव काढत नाहीत. तो गेला की सुरू. खरं सांगते ताई, मलाही कधीकधी शंका येते, आणि मग माझीच मला लाज वाटते.

प्रेगाबालिन आणि रात्रीची अमिट्रिप्टिलिन लिहून दिली आहे. गुंगी येते म्हणून हे फक्त फार दुखलं तरच घेतात. दोनदा दारूचा वास आला. तान्ह्या पोळ्याला, रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते त्या सकाळी, सासूबाई गच्चीवरून ओरडल्या, "पोराच्या हाताचं दुखणं घेऊन जा गे मारबत!" तर हे आत जाऊन दार लावून बसले. नंतर मला म्हणाले, हा हात कापूनच टाकू. धक्का लागू नये म्हणून मी वेगळ्या खाटेवर झोपते. माझं वय ३४ आहे. हे कोणाजवळ बोलू?

— एक वाचक, नागपूर

(पत्राखाली वेगळ्या, वेड्यावाकड्या अक्षरात दोन ओळी आहेत : "हिनं लिहिलेलं वाचलं. खरं आहे. हे असंच राहणार का, तेवढं सांगा.")

उत्तर : तुमच्या शंकेपासूनच सुरुवात करते. तिची लाज वाटून घेऊ नका. बधिर हात दुखतो हे ऐकून कोणालाही शंका येईल. शिकत असताना मलाही आली होती. पण ते दुखणं खरं आहे. पूर्ण खरं.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. मोटरसायकलवरून खांद्यावर पडलेली तरणीताठी मुलं फार पाहिली. मानेतून नसांची पाच मुळं निघतात, त्यांचं जाळं होऊन ते खांद्याखालून हातात उतरतं. पडताना डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला गेला की हे जाळं ताणतं, तुटतं, नाहीतर तुमच्या मिस्टरांसारखं थेट मज्जारज्जूतून उपटून येतं. मज्जारज्जूतल्या ज्या पेशींना जन्मापासून हाताची खबर येत होती, ती एकाएकी बंद होते. त्या पेशी गप्प बसत नाहीत, आपणहून पेटून उठतात. आणि त्या वाटेनं आजवर हाताचीच खबर आली असल्यामुळे मेंदू ती आग हाताचीच समजतो. सुई टोचलेली कळत नाही ती वाट तुटली म्हणून, आणि आग होते तीही वाट तुटली म्हणूनच. सासूबाईंना ज्या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडणाऱ्या वाटतात, त्या एकाच जखमेच्या आहेत.

म्हणूनच हात कापून आग जाणार नाही. ती हातात नाहीच, मानेत आहे. हात जाईल, मोठ्या कष्टानं मिळवलेलं कोपर जाईल आणि आग तिथंच राहील. हे त्यांना आजच वाचून दाखवा. "कापून टाकू" हे रागानं म्हटलेलं असेल तर ठीक. पण जगण्याचाच कंटाळा त्यांच्या बोलण्यात येत असेल, तर सरळ शब्दांत विचारा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का? विचारल्यानं कोणी तसं करत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ ही टेली मानसची सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. फोन तुम्हीही करू शकता, स्वतःसाठीही.

आता तो आयटीआयचा मुलगा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. वॉर्डात पत्त्यांचा डाव रंगला की असे पेशंट शांत असायचे आणि डाव मोडला की कण्हायला लागायचे. पहिली काही वर्षं मलाही ते नाटक वाटलं. पण ढोंग असतं तर ते परक्या माणसासमोर वाढलं असतं, कमी झालं नसतं. मन कामात बुडालं की मेंदूच वरून ह्या आगीवर झाकण ठेवतो, काम संपलं की झाकण निघतं. मूळ उपटलेल्यांच्या दुखण्यात हे अगदी ठळक दिसतं. कितीतरी पेशंटनी मला सांगितलं, बाई, गोळीपेक्षा काम बरं. तेव्हा त्या एका तासाचे दोन करा. त्या मुलाचे दोन मित्र येऊ द्या. टर्नरला व्हर्नियर, टॉलरन्स, थ्रेडिंग शिकवायला उजवा हात लागतोच असं नाही, डोकं लागतं आणि ते शाबूत आहे. फक्त त्यांना "दुखणं कमी होईल म्हणून शिकवा" असं म्हणू नका. मुलांना गरज आहे म्हणून म्हणा, तेही खरंच आहे.

सासूबाईंबद्दल. ज्या आईला दुखणं खोटं वाटतं, ती भल्या सकाळी गच्चीवर चढून ते घेऊन जा म्हणून मारबतीला ओरडून सांगणार नाही. त्यांचा विश्वास आहे हो. आपल्या हातून काही होत नाही, हे त्यांना सहन होत नाही. त्यांना काम द्या. शेक मात्र कायमचा बंद. गरम पाण्याची पिशवी नाही, त्या हातात चहाचा ग्लास नाही. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीला तो हात लागता कामा नये. रोज रात्री तळहात, बोटांच्या बेचक्या, कोपराची मागची बाजू उजेडात नीट बघून तेल लावायचं, हे काम आईचं. डिसेंबरच्या थंडीत ही आग वाढते, तेव्हा लोकरीची सैलशी बाही विणायला सांगा. उभं असताना हात पट्ट्यात, बसल्यावर उशीवर; नाहीतर हाताच्या वजनानं खांदा खाली ओढला जातो आणि आगीत ते वेगळं दुखणं जमा होतं.

गोळ्यांचं मी थोडं कडक बोलणार आहे. ह्या दोन्ही गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या नाहीत. फार दुखलं तेव्हाच घेतली तर गुंगी तेवढी येते आणि गुण येत नाही. रोज ठरल्या वेळी घ्यायच्या, काही आठवडे थांबायचं. फार गुंगी येत असेल तर डॉक्टर डोस हळूहळू चढवतात, वेळ बदलतात, गोळीही बदलतात. हे त्यांना सांगितलं तरच होईल. मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. आणि ह्या गोळ्यांवर दारू नाही, थोडीसुद्धा नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. ठरल्याप्रमाणे गोळ्या घेऊनही आग आवरली नाही, तर पेन क्लिनिकच्या डॉक्टरांना डीआरईझेड शस्त्रक्रियेबद्दल विचारा. मुळं उपटलेल्या जागी मज्जारज्जूतल्या त्या पेटलेल्या पेशीच त्यात शांत करतात. ती मोजक्याच ठिकाणी होते आणि पायाची ताकद कमी होण्याचा धोका असतो, म्हणून ती पहिली पायरी नाही. पण वाट तिथेच संपत नाही, हे तुम्हा दोघांना माहीत असावं.

"कसं वाटून राहिलं?" ह्या प्रश्नाचं काय करायचं ते मी घरीच शिकले. १९९६ साली माझे मिस्टर गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवरून पडले, कमरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, दुखणं राहिलं. मी दवाखान्यातून यायची ती विचारतच. किती दुखतंय, कुठं दुखतंय, व्यायाम केला का? एक दिवस ते म्हणाले, "मॅडमला फाटकाबाहेर ठेवून येत जा. घरात बायको येऊ दे." मला फार लागलं ते. आठ दिवस आम्ही धड बोललो नाही. मग त्यांनीच स्वयंपाकघरातल्या फळीवर एक पितळी वाटी ठेवली. वाटी पालथी असली तर आजचा दिवस वाईट. विचारायचं नाही, रागाचं मनावर घ्यायचं नाही, कोणी आलं तर परत पाठवायचं. सुलटी असली तर ते बाकीच्या माणसांसारखे. त्यांनी भाजी आणायची, माझ्याशी भांडायचंसुद्धा. शेवटपर्यंत ती वाटी होती. तुम्ही वाटीच ठेवा असं नाही. पण सांगायचं काम त्यांचं आणि पाहायचं तुमचं, एवढं ठरवून घ्या. आपल्या बोलीतलं "दुखून राहिलं" किती नेमकं आहे बघा: ते थांबत नाही, चालूच असतं. चालू असलेल्या गोष्टीबद्दल तासातासाला विचारलं की माणूस चिडणारच.

आणि तुमचं वय ३४ आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. माझ्या मते खरं पत्र तिथून सुरू होतं. खाट परत जोडा. आधी तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला झोपत असाल तर बाजू बदला, डावीकडे या. उजव्या हाताखाली उशी आणि तो हात भिंतीच्या बाजूला, म्हणजे तुमचा धक्का लागायचा प्रश्नच नाही. डावा हात चांगला आहे, तो तुमच्या अंगावर पडू शकतो. पुष्कळ जोडपी दुखऱ्या हाताला घाबरून अख्ख्या माणसापासून लांब जातात. अमिट्रिप्टिलिननं इच्छा कमी होऊ शकते, तो तुमचा दोष नाही आणि त्यांचाही नाही. हे डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची, सासूबाई आहेत घरी. बहिणीकडे जा, मैत्रिणीसोबत फुटाळा तलावावर जाऊन बसा, आणि परत आल्यावर कसं गेलं ते ह्यांना सांगा. त्यांच्याजवळही दुखण्यापलीकडे ऐकायला काहीतरी हवं.

आता खालच्या दोन ओळींना.

भाऊ, तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून मीही सरळ सांगते. मी तुम्हाला तपासलेलं नाही, तुमच्या सर्जनला हाच प्रश्न ह्याच शब्दांत विचारा. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, महिन्याला जेमतेम एक इंच. आणि वर्ष-दीड वर्षात नस पोचली नाही तर स्नायू सुकून जातो. म्हणून अशा दुखापतीत दोन वर्षं चार महिन्यांनंतर बोटं आपोआप हलायला लागतील, अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. खोकल्यावर कोपर उचलतं ते बरगडीची नस दंडात पोचली म्हणून. ऑपरेशन लागू पडल्याची ती खूण आहे, पण पंजा येत असल्याची नाही. कोपराची ताकद अजून वाढू शकते, व्यायाम सोडू नका. मांडीतला स्नायू हातात बसवणं, मनगट स्थिर करणं असली ऑपरेशनं उशिरानंही होतात, त्याबद्दल विचारा.

पण आग म्हणजे हात नव्हे. तुमच्या घरात सगळे ह्या दोन गोष्टी एकत्र बांधून बसले आहेत, की हात आला की दुखणं जाईल. हात न येताही दुखणं कमी होऊ शकतं. पुष्कळांची आग वर्षांमागून वर्षं उतरत जाते, करंटसारख्या कळा विरळ होतात. काहींची राहते, हेही खरं. पण नीट, नेमानं उपचार तुम्ही अजून घेतलेलेच नाहीत, तेव्हा हे असंच राहणार असं आज कोणीही म्हणू शकत नाही.

एक कामाचं. तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विम्याचा हप्ता, कापला जात होता का, ते पगाराच्या स्लिपवर बघा. कामावर जाता-येता झालेला अपघात कामावरचाच धरण्याची तरतूद कायद्यात २०१० पासून आहे. शिफ्ट सुटल्याची वेळ आणि रोजचा रस्ता जुळतो हे दाखवावं लागतं, त्यासाठी हजेरीची नोंद आणि एफआयआरची प्रत काढून ठेवा. कायमच्या अपंगत्वाचा लाभ त्यातून मागता येतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, मग मेडिकल बोर्डाकडे तपासणी होते. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर बहुतेक सवलती लागू होतात. अर्जावर डाव्या हाताची सही चालते. बँकेत मात्र आधी नवी नमुना सही देऊन या, नाहीतर चेक परत येईल.