ह्याला दुष्काळ कधी कळणार?

"मॅडम, ह्याला सगळं आयतं मिळालंय. उद्या वाईट दिवस आले तर हा टिकायचा कसा?"

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन बरेच आईबाप येतात. बहुतेक जण स्वतः ओढगस्तीतून वर आलेले. त्यातल्या एका घराची ही गोष्ट. त्यांना विचारूनच सांगते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

वडील मूळचे आटपाडी तालुक्यातले. ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळात, तेराव्या वर्षी शाळा सोडून तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या दुकानावर कामाला गेले. खानापूर-आटपाडीकडच्या घरांतून असं कुणी ना कुणी गेलेलंच असतं. आता स्वतःचं दुकान आहे, सांगलीत बंगला आहे, मुलगा बारावीला आहे. वर्षभरापूर्वी त्यांच्या मनानं घेतलं, की पोरगं मऊ पडलंय. मग गाडी काढून घेतली. हातखर्च बंद, खोलीतला पंखा बंद, पहाटे चारला उठायचं. कुरकुर केली की "आम्ही काय खाऊन दिवस काढले माहितीय का?" मे महिन्यात तर त्याला गावी धाडलं, दुष्काळ कळावा म्हणून. गावात टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलेलं. पोरगं महिनाभर चुलतभावांबरोबर डाळिंबाच्या बागेत हुंदडलं आणि दोन किलो वजन वाढवून परत आलं. हे सांगताना आईला हसू आवरेना. वडील हसले नाहीत.

हसण्यासारखं तेवढंच होतं. मुलानं वडिलांशी बोलणं टाकलं होतं. ते ताटावर बसले की हा उठायचा. चाचणीत दोन विषय राहिले होते आणि रात्री झोप नव्हती.

पहिल्या भेटीत मी चूक केली. शास्त्र सांगत बसले. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या जवळपास ७०० मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी पुढं कित्येक वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. वडिलांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, त्या बेटावर पाऊस किती पडतो?"

मग तेच म्हणाले, सोनं तावून-सुलाखूनच निघतं. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून विचारलं, म्हणजे नेमकं काय करता? पहिल्यांदाच ते खुर्चीत पुढं सरकले. "नुसत्या आगीनं सोनं वितळतं फक्त. टाकणखार घालायचा, मग मळ वर येतो. आतली चांदी-तांबं काढायचं तर तेजाब लागतं. आणि मूस तडकली, तर सगळा माल राखेत." एवढं बोलून ते थांबले. मीही पुढं काही जोडलं नाही. तेवढं शहाणपण एव्हाना आलं होतं.

जाताना बापलेक दोघांच्या हाती एकच पुस्तक दिलं, 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी पुस्तकरूपात आली तीही १९५५ सालीच. मुलूख त्यांचाच, माणदेश. औंध संस्थानातला कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा आहे, पोरं नाहीत. तो बिचकलेला आहे, पण म्हातारा कारभारी त्याला धरून ठेवतो. मास्तर हळूहळू वाडीचा होतो. कारभाऱ्याची मर्जी फिरते तेही सोसतो. सगळ्यांच्या हातांनी वाडीत तालीम उभी राहते. आणि मग दुष्काळ पडतो.

तीन आठवड्यांनी दोघं आले. वडील म्हणाले, "शेवटची पानं खरी आहेत. असंच होतं."

मुलगा माझ्याकडं बघून बोलला, वडिलांकडं नाही. "पप्पा म्हणतात दुष्काळानं माणूस घडतो. ह्यात दुष्काळानं कोण घडलं? मेंढरं मेली, गाव उठून गेलं. मास्तर काय शिकला ते आधीच, तालीम बांधताना."

इतकी वर्षं ही कादंबरी मी दुष्काळाची म्हणून वाचत आले. पण पोराचं बरोबर होतं. बुजरा मास्तर माणसांना धरून काम करायला शिकतो, ते पाऊसपाणी असतानाच. दुष्काळ कुणाला काही शिकवत नाही, वाडी रिकामी करतो.

वडिलांना मी एवढंच विचारलं, "तुमच्याबरोबर गावातून आणखी कोण गेलं होतं?"

बराच वेळ गेला. थोरला भाऊ गेला होता. घर तेच, दुष्काळ तोच, गाडीही तीच, दुकान तेवढं वेगळं. यांच्या दुकानातल्या मालकीणबाई यांना घरात बोलावून जेवू घालायच्या, तेजाबानं हात भाजला तेव्हा आठ दिवस भट्टीजवळ फिरकू दिलं नाही. भावाच्या दुकानात नुसता मार होता. दोन वर्षांत तो परत आला आणि दारूला लागला. आजही गावात आहे.

"त्या काकांकडं जायचं नाही, एवढंच मला सांगितलं होतं," मुलगा म्हणाला. मेमध्ये तो महिनाभर त्याच गावात होता.

वडील मुलाची काळजी करत होते, की भावाचं जे झालं त्याला इतकी वर्षं भीत होते, हे मी त्यांना विचारलं नाही. घरी गेल्यावर पंखा सुरू झाला, हे आईकडून कळलं. पुढं आम्ही ठरवलं ते साधं होतं. कष्ट करायचे तर दोघांनी मिळून. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा दुकानावर जाईल, वडील शेजारी बसून शिकवतील. "आमच्या वेळी" हे शब्द दिवसातून एकदाच चालतील. ही अट मुलाची. मार्कांत अजून फार फरक नाही. गाडीही मिळालेली नाही.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. "दोघं रविवारी आटपाडीला जाऊन आले, थोरल्या भाऊजींकडं. काय बोललं झालं, मला कुणीच सांगत नाही."