मराठवाड्यातून निघून घरच्या माणसांनी चालवलेल्या रेड वाइनच्या वायनरी बघायच्या असतील तर कुठं जावं आणि तिथं काय बघावं?

तुम्ही संभाजीनगरचे, हाताशी दोन दिवस, सोबत निवृत्त वडील, आणि वाइनमधलं दोघांनाही फारसं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाइन कळत नाही याची काळजी करू नका. द्राक्ष कळलं की पुरे, आणि ते मराठवाड्यातल्या माणसाला लवकर कळतं.

माझं सासर जालना जिल्ह्यातलं, कडवंचीच्या शिवाराला लागून. पाणलोटाच्या म्हणजे पावसाचं पाणी अडवायच्या कामानं कडवंचीत द्राक्षबागा कशा उभ्या राहिल्या ते तुम्ही ऐकलं असेलच. आमच्याकडं बाग आहे ती खायच्या द्राक्षांची. पण साधारण वीस वर्षांपूर्वी माझ्या चुलत सासऱ्यांनी एक एकर शिराज लावली होती, वाइनचं काळं द्राक्ष. एका कंपनीशी करार होता. दोन हंगाम माल उचलला. तिसऱ्या वर्षी माल तयार झाला आणि निरोप आला, टाक्या भरल्यात, यंदा घेत नाही. शिराजचा मणी बारका, जाड सालीचा, आत बिया. बाजारात त्याला कोण विचारणार? घड वेलीवरच सुकले आणि पुढच्या वर्षी चुलत सासऱ्यांनी ती बाग उपटली. 2008-09 च्या मंदीत महाराष्ट्रात कितीतरी शेतकऱ्यांवर ही वेळ आली.

हे सांगायचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. घरची वायनरी का बघायची? तर बाग आणि टाकी एकाच घरात असेल तर स्वतःच्या मालाला ‘यंदा नको’ म्हणता येत नाही. पाऊस झाला, साखर अडली, भुरी आली, तरी त्याच द्राक्षाची वाइन करायची आणि वर आपलं नाव लावायचं. म्हणून तिथला माणूस वेलीबद्दल वेगळ्या तळमळीनं बोलतो. तुम्ही ऐकायला जायचं ते हे.

आता ठिकाणं. तुमच्या रस्त्यावरचं पहिलं म्हणजे निफाडजवळचं कुंदेवाडी. वैजापूर, येवला, विंचूर करत दीडशे किलोमीटरच्या आसपास. (विंचूरला सरकारनं वाइन पार्क उभारलंय, 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतरचं. येता-जाता दिसेल, पण एक दिवस त्यात घालवू नका.) कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची रेव्हेलो आहे. यतिन आणि किरण पाटील हे नवराबायको ती चालवतात, जमीन पिढीजात. त्यांनी इटलीतल्या सिसिली बेटावरची ‘नेरो द’आव्होला’ ही काळी जात इथल्या मातीत लावली. मला सगळ्यात जास्त ओढ याच वाइनची वाटते. रंग गडद, पण तुरटपणा अंगावर येत नाही, त्यामुळं पहिल्यांदा पिणाऱ्याला झेपते. इथं आधी फोन करूनच जा.

दुसऱ्या दिवशी समृद्धीनं इगतपुरीकडं उतरलात तर कावनई भागात मुकणे धरणाच्या पाण्याकाठी व्हॅलोने आहे. शैलेंद्र पै यांनी सुरू केलेली, आकारानं लहान. मर्लो आणि कॅबरने सोव्हिन्यों या दोन्ही लाल जाती तिथं शेजारी शेजारी चाखून बघा. गंगापूर धरणाकडची यॉर्कही लोक सुचवतील. ती गुरनानी कुटुंबानं उभी केली. योगिता, रवी आणि कैलास या तीन भावंडांच्या नावांची आद्याक्षरं त्या नावात आहेत. पण 2021 मध्ये ती सुलानं घेतली. जागा सुंदर आहे, जरूर जा, फक्त तुमच्या ‘घरची’ या अटीत ती आता बसत नाही.

हे वाचणारं कुणी धाराशिव-लातूरकडचं असेल तर त्यांना नाशिक लांब पडतं. त्यांनी बार्शी, टेंभुर्णीवरून अकलूज गाठावं. तिथली फ्रातेल्ली ही भावांच्या तीन जोड्यांनी सुरू केली, अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. आता पसारा मोठा झालाय, पण सोलापूरच्या उन्हात सांजोवेझे ही इटलीची लाल जात कशी वाढते ते बघायला त्याहून जवळची जागा नाही.

कधी जायचं? फेब्रुवारी, फार तर मार्चची सुरुवात. आम्ही एकदा जुलैत गेलो होतो, एका ठिकाणी न कळवता. वेली नुसत्या पानांच्या, टाक्या धुऊन रिकाम्या, माहिती सांगणारं कुणी नाही. काउंटरवर चार ग्लास मिळाले आणि परत आलो. हंगामात गेलात तर पहाटे तोडणी चालू असते, कारण द्राक्ष थंड असतानाच आत आणायचं असतं. शक्य असेल तर सकाळी आठच्या आत पोचा.

आत गेल्यावर माझं एक ऐका. ग्लासाआधी मणी मागा. शिराजचा एक मणी घ्या, दाबा. आतला गर पांढराच निघतो. मग साल बोटांवर चोळा, बोटं जांभळी होतील. रेड वाइनचा रंग, तुरटपणा, सगळा त्या सालीत. पांढऱ्या वाइनला रस काढून साल लगेच बाजूला करतात. लालला देठ काढून फोडलेली द्राक्षं सालीबियांसकट टाकीत जातात. आंबायला लागलं की वायूच्या जोरानं साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर वाळू द्यायचा नाही, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपानं वर आणून त्याच्यावर सोडतात. हे चालू असताना टाकीजवळ उभं राहायला मिळालं तर सोडू नका, वास आयुष्यभर लक्षात राहतो. आठ-पंधरा दिवसांनी चोथा पिळून वेगळा होतो. तो पुन्हा बागेत खत म्हणून जातो का, हे अवश्य विचारा.

आम्हा खायच्या द्राक्षवाल्यांना हे बघताना पोटात कालवतं. आमचं सगळं वर्ष मण्याच्या फुगवणीत जातं. विरळणी करा, मणी फुगवणाऱ्या जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात घड बुडवा, सोळा-अठरा मिलिमीटरचा मणी काढा. आणि ही माणसं मणी बारका राहावा म्हणून झटतात! बारक्या मण्यात रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून रंग आणि चव जास्त. साखरेचंही तसंच. आमचं द्राक्ष अठराच्या आसपास ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दाखवू लागलं की आम्ही व्यापारी बोलावतो. लाल वाइनवाला तेवीस-चोवीसपर्यंत थांबतो.

खरी परीक्षा या थांबण्यात असते. आपल्याकडं फेब्रुवारी सरता सरता ऊन चढतं, साखर झपाट्यानं वाढते, पण बी मागं राहतं. बी हिरवं असताना तोडलं तर वाइन कडवट होते. म्हणून तोडणीचा दिवस ठरवताना साखर मोजायचं मीटर असूनही घरातलं कुणीतरी ओळीतून फिरत बिया चावून बघतं. तपकिरी झाली का, कुडकुडीत फुटते का. आणि डोक्यावर अवकाळीची टांगती तलवार असतेच. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोण विसरेल? एक दिवस जास्त थांबायचं की नाही हे कोण ठरवतं, हा एकच प्रश्न विचारा. उत्तर देताना घरातली दोन माणसं एकमेकांकडं बघतील. मग खुर्ची घ्या आणि ऐकत राहा.

पिंपांची खोलीही बघा. ओकचं लाकडी पिंप साधारण 225 लिटरचं. वर्षभर, कधी त्याहून जास्त, वाइन त्यात मुरते आणि लाकडातून उडून जाते तेवढी वरून भरत राहावी लागते. छोट्या घराला हा खर्च जड असतो, पैसा वर्ष-दोन वर्षं अडकतो. म्हणून कुणाकडं लाल वाइनच्या दोनच जाती असतील तर नाक मुरडू नका.

वडील पीत नसतील तरी न्या. माझ्या सासूबाई माळकरी आहेत. त्या सोबत आल्या, तोडणीच्या बायकांशी मजुरीपासून विळ्यापर्यंत सगळं बोलल्या आणि वेलीवरचा पिकला शिराज खाऊन म्हणाल्या, “एवढं गोड असून खायला का विकत नाहीत?” मग बी दाताखाली आलं आणि त्यांनीच मान हलवली.

चाखताना घोटभर पुरे. शेजारी थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. गाडी चालवणाऱ्यानं मात्र अजिबात घ्यायची नाही. वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं आणि ड्राय डे आहे का ते निघायच्या आधी बघा. तुरटपणाला घाबरू नका, जिभेवर हिरडा किंवा कच्चं जांभूळ ठेवल्यासारखं वाटेल. सोबत शेंगदाणे किंवा मटणाचा रस्सा असला की तोच तुरटपणा मऊ होतो.

बाटली घेतलीत तर गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. मार्चमधल्या आपल्या उन्हात ती लवकर बिघडू शकते. घरी आल्यावर ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाचून तशीच उघडू नका. ते तापमान सोळा-अठरा अंशांचं, आपल्या खोल्यांचं नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

आणि त्याच दिवसांत आमच्याकडंही तोडणी चालू असते. परत आल्यावर एखाद्या रविवारी जालन्याकडं या आणि कडवंचीच्या रस्त्यावर कुणाच्याही बागेत थांबून माणिक चमनचा एक घड खाऊन बघा. साल कागदासारखी, बी नाही, मणी लांबट. आदल्या आठवड्यातला तो बारका काळा शिराज तेव्हा आठवेल.