झटपट पाव, सोड्याचा पाव आणि कबरा

साकोलीकडच्या एका ताईंनी विचारलंय. भाच्यानं त्यांना आयर्लंडची म्हणून एक कृती पाठवली. किसमिस रात्रभर चहात आणि थोड्या व्हिस्कीत ठेवायची, सकाळी त्यात मैदा, गूळ, अंडं, बेकिंग पावडर घालून भाजायचं. ताईंनी व्हिस्कीऐवजी रम घातली आणि घरात सगळ्यांना ते आवडलं. आता बचत गटाच्या पाककृती स्पर्धेत ताटलीपुढे चिठ्ठी लावायची आहे. कृतीत ‘क्विक ब्रेड’ लिहिलंय, तर ‘झटपट पाव’ चालेल का? आणि साहित्यात ‘स्पिरिट्स’ आहे, त्याला काय म्हणायचं?

ताई, ‘झटपट’ लिहू नका. किसमिस रात्रभर मुरते, मग तासभर भाजणं. यात झटपट काय आहे? इंग्रजीतलं ते ‘क्विक’ चुलीवरच्या वेळेबद्दल नाही. पीठ आंबून फुगायची वाट पाहावी लागत नाही, एवढंच त्यात सांगायचंय. खमिराचं काम इथे सोडा करतो. सोड्याला आंबट काही भेटलं की वायू सुटतो आणि पीठ वर येतं. बेकिंग पावडरमध्ये ते आंबट आधीच मिसळलेलं असतं. इंग्लंडातल्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली ती पावडर केली ती बायकोसाठी, कारण तिला खमीर सोसत नव्हतं.

म्हणून या सगळ्या प्रकाराला मी ‘सोड्याचा पाव’ म्हणेन. ‘बिनखमिरी पाव’ हे जास्त काटेकोर, पण ते पाठ्यपुस्तकात शोभेल, स्वयंपाकघरात कोणी म्हणणार नाही. ‘सोड्याचा’ म्हटलं की भजी करणाऱ्या कोणत्याही बाईला लगेच कळतं.

कोणी ‘चहाचा रोडगा’ असंही सुचवेल. रोडगा आपला, विदर्भाचा, म्हणून मोह होतो. पण रोडगा म्हणजे कणकेचा घट्ट गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला, फोडून तुपात बुडवलेला, सोबत वांग्याची भाजी. ते नाव ऐकून जो ताटलीजवळ येईल, त्याच्या हाती किसमिसचा गोड तुकडा देणं बरं नाही. रोडग्याला रोडगाच राहू द्या.

नाव ठरवताना मी क्रियापद बघतो. पाव मळतात. केक फेटतात. हा प्रकार मात्र कालवतात. मी स्वतः तो केलाय, ओव्हन नव्हता म्हणून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रेती तापवून. पहिल्या वेळी सवयीनं पीठ पोळीसारखं मळत बसलो आणि पाव रबरासारखा चिवट झाला. दुसऱ्या वेळी भाताला वरण कालवावं तसं चार बोटांनी फक्त एकत्र केलं, थोड्या गुठळ्या तशाच ठेवल्या. सुरीनं कापला तेव्हा मऊ, ओलसर, आणि कापावर काळ्या किसमिसचे ठिपके. मैदा जितका चोळाल तितका चिवटतो. कृतीत ‘मिक्स’ हा एकच शब्द असतो. मराठीत ‘कालवा’ म्हटलं की हात आपोआप हलका पडतो.

आता ‘पाव’. हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘पाँव’वरून आला. पायांनी तुडवून करतात म्हणून पाव, ही गोष्ट आमच्याकडेही सांगतात, पण ती खरी नाही. गंमत अशी की पायाशी नातं दुसऱ्या पावाचं आहे. पावशेरातला पाव संस्कृत ‘पाद’वरून आला, पायही तिथूनच. खायचा पाव त्या घरचा नाहीच.

आणि पावाचं दारूशी नातं जुनं आहे. गोव्यात पाव माडाच्या सुरेनं फुगवत. अरबीत ‘खमीर’ आणि दारूचा ‘खम्र’ एकाच धातूचे, आणि आपली ‘खुमारी’ही त्याच कुळातली. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हेच आंबणं माणूस बघून शब्द बदलतं, हे मला फार लक्षणीय वाटतं. पीठ आंबतं, दूध विरजतं, लोणचं मुरतं, आणि मोहफूल मात्र सडतं. पोलिसांनी नाल्याकाठी ओतून दिला तो ‘मोहा सडवा’ असंच बातमीत छापून येतं. काम एकच, पण ज्याच्या घरी चालतं त्याची पत शब्दात उतरते. तुमच्या किसमिसला ‘मुरवलेली’ म्हणा. ‘भिजवलेली’ म्हटलं तर पाण्यातलीच वाटते.

चहाबद्दल एक. मूळ कृतीत ‘ब्लॅक टी’ असेल तर ‘काळा चहा’ लिहिण्यापेक्षा ‘कोरा चहा’ लिहा, आपल्याकडची ‘कोरी चाय’. कोरा म्हणजे काही न मिसळलेला. त्यानं दूध घालायचं नाही हे न सांगताच कळतं, आणि ते कळायलाच हवं. दुधाच्या चहात किसमिस रात्रभर ठेवली तर उन्हाळ्यात सकाळी नासलेलीच मिळेल.

‘स्पिरिट्स’बद्दल मात्र मी हट्ट धरतो. चिठ्ठीवर, वहीत, कुठेच ‘स्पिरिट’ लिहू नका. आपल्या गावात स्पिरिट म्हणजे सुई टोचण्याआधी कापसावर घेतात ते, नाही तर पॉलिशवाल्याच्या डब्यातलं. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. एका भाषांतरित कृतीत मी ‘दोन चमचे स्पिरिट’ वाचलंय आणि अंगावर काटा आला. इंग्रजीतल्या त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की आंबवून वर गाळलेली दारू, म्हणजे रम, व्हिस्की, ब्रँडी. बीअर आणि वाइन त्यात येत नाहीत, कारण त्या गाळत नाहीत. सरकारी भाषेत ‘मद्यार्क’ आहे, पण तो शब्द चमच्यानं मोजायचा वाटत नाही. आपण ‘गाळलेली’ म्हणतो, ‘पहिल्या धारेची’ म्हणतो, तेच नेमकं आहे. तरी चिठ्ठीवर सरळ ‘रम’ लिहा. घरी गाळलेली मोहाची घालायचा विचार असेल तर घालू नका, ते कायद्यात बसत नाही आणि धारेत काय उतरलं हे जिभेला कळत नाही.

भाजल्यावर दारू सगळी उडून जाते असं तुम्ही लिहिलंय. तसं होत नाही. तासभर भाजल्यावरही साधारण पाव हिस्सा उरतो. म्हणून चिठ्ठीवर रमचा उल्लेख ठसठशीत हवा, लेकरं आणि न घेणारी माणसंही चव घेतील. वर्धा किंवा गडचिरोलीतल्या मैत्रिणीला कृती द्याल तर नुसत्या कोऱ्या चहाची द्या. दोन्ही जिल्ह्यांत दारूबंदी आहे, आणि चव चहानंही छान येते.

आता खास नाव. आयरिश लोक याला ‘बार्मब्रॅक’ म्हणतात, चहाच्या प्रकाराला ‘टी ब्रॅक’. जुना ब्रॅक खमिराचा असे, चहाचा बिनखमिराचा. त्यातल्या ‘ब्रॅक’चा अर्थ ठिपक्याठिपक्यांचा. त्यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे: कबरा. कबरी शेळी, कबरा बैल. संस्कृत ‘कर्बुर’वरून आलेला, आणि गोठ्यातून कधीच न गेलेला. कापलेला तुकडा समोर धरला तर दुसरं नाव सुचतच नाही.

तेव्हा चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात ‘चहाचा कबरा पाव’ लिहा. खाली ‘सोड्यानं फुगवलेला, कोऱ्या चहात आणि रममध्ये मुरवलेली किसमिस’. आणि अंडं घातलंय तेही लिहा.