अव्वा गेल्या आणि मला रडूच आलं नाही, मी वाईट आहे का मॅडम?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की म्हणलं आता एकदा लिहूनच टाकावं. कुणी म्हणतं आजी नव्वदी पार करून गेली, घरात एवढी माणसं जमली, मला मात्र काहीच का वाटलं नाही. कुणी बरोब्बर उलटं, म्हातारं माणूस होतं, सगळं बघून गेलं, तरी मला एवढं का लागलंय, ऑफिसात लक्ष लागत नाही. दोघांनाही वाटतं आपल्यातच काहीतरी बिघाड आहे. मला विचाराल तर बिघाड बहुतेक वेळा त्यांच्यात नसतोच, गेलेल्या बाईची आठवण घरात ज्या पद्धतीनं काढली जाते तिथं असतो. त्यातून ती बाई देवभक्त असेल तर विचारूच नका.

एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं बरंच काही बदललंय, आणि बऱ्याच महिन्यांचं बोलणं इथं दोन-चार प्रसंगांत बसवलंय.

ताई सत्तावन्न वर्षांच्या, सोलापुरातल्या बाळीवेशीकडच्या एका लिंगायत घरातल्या थोरल्या सूनबाई. त्यांना फॅमिली डॉक्टरांनी पाठवलं होतं. ॲसिडिटी थांबत नव्हती, पहाटे चारला जाग यायची, चिडचिड व्हायची, रिपोर्ट सगळे नॉर्मल. येताना हातात एक प्लॅस्टिकची फाईल. सासूबाईंचं म्हणजे अव्वांचं पहिलं पुण्यस्मरण जवळ आलं होतं, दीर एक छोटी स्मरणिका काढत होते आणि त्यांनी सांगितलं होतं, वहिनी, अव्वासोबत सगळ्यात जास्त तुम्ही राहिलात, एक पान तुमचं पाहिजेच. कागद कोरा होता.

अव्वा मार्शल लॉच्या साली जन्मलेल्या, म्हणजे इंग्रजांनी सोलापुरात लष्करी कायदा लावला त्या १९३० साली. आपल्या सोलापुरात जुनी माणसं वय असंच सांगायची, दाखला कुणाकडं होता. चौदाव्या वर्षी लग्न, नवरा गिरणीत. घरात कन्नड, मराठी बाजारापुरती आणि भांडणापुरती. पहाटे उठून आंघोळ, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा, ती झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही, स्वतःच्याही नाही आणि घरातल्या बायकांच्याही नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत १३ जानेवारीला अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक असतो तेव्हा नंदीध्वजांच्या मागं अनवाणी चालायच्या, दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ जागा मिळावी म्हणून सकाळपासून जाऊन बसायच्या. गिरणी बंद पडली तेव्हा कडक भाकऱ्या करून विकल्या आणि चार पोरं शिकवली. पणतू बघितला, डोक्यावर सोन्याची फुलं उधळून घेतली, आणि चौऱ्याण्णवाव्या वर्षी झोपेतच लिंगैक्य झाल्या.

फाईलमध्ये बाकीच्यांची पानं होती. ताईंनी मला वाचून दाखवली. साक्षात देवी, त्यागाची मूर्ती, कधी कुणाला उणा शब्द बोलल्या नाहीत. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "मॅडम, ही बाई मी बघितलेलीच नाही ओ."

मी म्हणलं, तुम्ही बघितलेली सांगा.

"छे, मेलेल्या माणसाबद्दल कसं बोलायचं. त्यातनं एवढी देवाधर्माची."

ताईंच्या पुण्यातल्या लेकीनं त्यांना दुःखाच्या पाच पायऱ्यांचं रील पाठवलं होतं, त्यामुळं आपण पहिल्याच, नकाराच्या पायरीवर अडकलोय अशी त्यांना वेगळीच काळजी. त्या पायऱ्या मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटबद्दल होत्या, मागं राहिलेल्या सुनेसाठी टाईमटेबल म्हणून नव्हेत. मी तरी माझ्याकडं येणाऱ्या कुणाला पायऱ्या मोजायला लावत नाही. मी गोष्टींवर विश्वास ठेवणारी आहे. आणि गोष्ट काढायची असेल तर "तेव्हा तुम्हाला कसं वाटलं" हा प्रश्न आपल्याकडच्या साठीजवळ आलेल्या बाईला विचारून काहीही मिळत नाही, कारण कसं वाटलं हे तिला जन्मात कुणी विचारलेलंच नसतं. त्यामुळं मी गुण विचारत नाही, भावना तर नाहीच, मी भांडी विचारते. कोणता तांब्या कुठं ठेवायच्या, चूल होती का स्टोव्ह, आधी कोण उठायचं.

"अव्वांचा एक सोमवार सांगा, पहाटेपासून," म्हणलं. "चांगलं वाईट काही नको, फक्त काय काय व्हायचं ते."

पहिला सोमवार पाच मिनिटांत संपला. पुढच्या वेळी पंधरा मिनिटं चालला. मग एकदा त्या सोमवारात एक पत्र्याची ट्रंक आली. पूजेची वस्त्रं त्यात असायची म्हणे, आणि खाली एक लिफाफा. ताईंचं डी.एड. झालेलं, लग्नानंतर वर्षभरात, १९९० मध्ये, एका शाळेतल्या नोकरीची ऑर्डर आली होती. अव्वांनी ती ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. "आमच्या घरच्या सुना पगार आणत नाहीत." झालं. अव्वांनी स्वतः भाकऱ्या विकल्या होत्या, तरीसुद्धा. हे ताई अशा आवाजात सांगत होत्या जसं कुणी किराण्याची यादी वाचतंय.

"राग आला असेल," मी म्हणलं.

"नाही ओ. जुन्या काळातल्या होत्या."

पुढच्या वेळी आल्या त्या बसायच्या आधीच म्हणाल्या, "आला होता. अजून येतो. माझ्या बरोबरच्या हेडमास्तरीण होऊन रिटायर व्हायला आल्या." आणि मग तो राग काही आठवडे चालला, मी तो चालू दिला. इथं बरेच जण घाबरतात, घरचेही आणि कधीकधी समुपदेशकही, वाटतं की रागच राग निघाला तर बाई गेलेल्या माणसाबद्दल कडू होऊन बसेल. माझा अनुभव वेगळा आहे, राग पूर्ण बोलून झाला की त्याच्यामागनं काहीतरी येतंच, फक्त समोरच्यानं मधेच "पण त्यांनी तुमच्यासाठी केलंही असेल ना" असलं शहाणपण सांगू नये.

आणि ते आलंच. बाहेर मोर्चा होता, गाड्या तुंबलेल्या, ताई उशिरा आल्या, वैतागलेल्या. मी सहज विचारलं, चहा घेणार का. त्या म्हणाल्या, "नको, आज पूजा राहिलीय." अव्वा जाऊन वर्ष होत आलं तरी ही बाई पूजेआधी चहा घेत नव्हती. ॲसिडिटीचं अर्धं कारण तिथंच कळलं म्हणा. मी विचारलं, पस्तीस वर्षांत एकदाही पूजेआधी काही खाल्लं नाही?

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "एकदा."

पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हाची गोष्ट. उलट्या एवढ्या की पाणी ठरत नव्हतं, पहाटे उठून पूजेचं पाणी काढताना चक्कर यायची. सांगायची सोय नव्हती. एका पहाटे स्वयंपाकघरात गेल्या तर चुलीशेजारी वाटी झाकून ठेवलेली. दुधात कडक भाकरी कुस्करलेली, वर गूळ. अव्वा समोर पाटावर, पूजा अजून व्हायची होती. त्यांनी बघितलं, आणि म्हणाल्या, "खा. मी तिकडं तोंड करून बसते. देवाला काय सांगायचं ते माझं मी सांगते." आणि पाठ फिरवून नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्यानं ओम नमः शिवाय सुरू केलं, वाटीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. असं बाळंतपणाला माहेरी जाईपर्यंत रोज. नंतर एकदा ताईंनी विषय काढला तर अव्वा म्हणाल्या, "कसली वाटी? काय बोलायलीस?"

"हे मी ह्यांना पण कधी सांगितलं नाही मॅडम. सांगितलं असतं तर अव्वाचं व्रत मोडल्यासारखं झालं असतं."

आणि मग, "ऑर्डर पण तिनंच कोंडली आणि भाकरी पण तिनंच दिली ओ."

तेव्हा रडू आलं. वर्षभराचं. मी काही बोलले नाही, आणि त्या न बोलण्याचा मला आजही थोडा अभिमान आहे, कारण एक छान वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

त्या दिवशी मला जे दिसलं ते अजून कामाला येतं. या बाईला अव्वांवरचा राग लपवायचा होता कारण त्या देवमाणूस होत्या, आणि अव्वांची माया पण लपवायची होती, तीही त्या देवमाणूस होत्या म्हणूनच, नियम मोडल्याशिवाय ती माया सांगताच येत नव्हती. दोन्ही काढून घेतल्यावर उरली हार घातलेली फोटोतली बाई. तिच्यासाठी रडू कसं येणार? ताईंचं तिच्याशी कधी काही घडलंच नव्हतं.

म्हणून ज्यांच्या घरात असं मोठं, देवाधर्माचं माणूस गेलंय त्यांना माझं सांगणं आहे. "सोनं झालं" हे शेजाऱ्यांनी म्हणावं, ते खोटं नसतं, पण लेकीला, सुनेला, नातवाला ते ऐकवू नका, कारण त्यानंतर त्यांना बोलायला जागाच राहत नाही. तिसऱ्या दिवशी, तेराव्याला, लिंगायतांच्या शिवगणाराधनेला, जी काही तुमची पद्धत असेल तिला माणसं जमतात तेव्हा भाषणं कमी ठेवा आणि तिचा एक साधा दिवस आठवा, कोण कुठं बसायचं, ती कुणाला शिव्या घालायची, कशावर हसायची. पोरांना मधे बोलू द्या, पोरं खरं बोलतात. तिच्या तुसडेपणाची एखादी गोष्ट निघाली तर "असं बोलू नये" म्हणून दाबू नका, चौऱ्याण्णव वर्षांची बाई तेवढ्यानं लहान होत नाही. आणि रडू आलं नाही म्हणून प्रेम नव्हतं असा हिशोब कुणी मांडू नये. अनेक वर्षं आजारपण काढलेल्यांना तर आधी फक्त झोप येते, हुश्श वाटतं, आणि मग हुश्श वाटल्याची लाज वाटते. तेही नेहमीचंच आहे.

मात्र सहा महिने-वर्ष उलटूनही रोजचं जगणंच बंद पडलं असेल, खाणं-झोप गेली असेल, किंवा आपणही जावं असं मनात येत असेल तर गोष्टी आठवत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ वर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

ताईंनी पान लिहिलं. ऑर्डर पण लिहिली आणि वाटी पण. दिरांना पटलं नाही, ऑर्डरचं काढा म्हणाले, घरातलं घरात राहू दे, आणि वाटीचंही, अव्वाच्या नेमाला बट्टा लागतो. ताई म्हणाल्या, दोन्ही राहणार नाहीतर पानच नको. छापलं गेलं. वाचून मोठ्या नणंदेचा विजापूरहून फोन आला, वाटलं आता भांडणार, तर त्या म्हणाल्या, "तुला गूळ घालून द्यायची? मला नुसतंच दूध द्यायची ग, आणि वर दम."

पूजा ताईच करतात, दहा मिनिटं, आंघोळ झाल्यावर. पण आधी चहा घेतात. दीर आले की त्यावरनं अजून कुरकुर करतात, ताई त्यांच्यापुढंही कप ठेवतात, आणि ते पितात.