‘प्रेअरी डॉग’ला कुत्रा म्हणावं का?

कॅन्ससमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. आईवडील जूनमध्ये पहिल्यांदाच अमेरिकेत येताहेत, त्यांना प्रेअरी, म्हणजे तिथला अफाट गवताळ माळ, दाखवायला न्यायचंय, म्हणून बाप-लेकीनं मिळून प्राणी-पक्ष्यांच्या चित्रांचा तक्ता केलाय. त्यात प्रेअरी डॉगला ‘गवताळ कुत्रा’, बायसनला ‘गवा’, प्रॉन्गहॉर्नला ‘काळवीट’, मेडोलार्कला ‘कुरणचंडोल’ आणि जॅकरॅबिटला ‘ससा’ अशी नावं दिली आहेत. यातलं काय चालेल?

ससा बिनधास्त चालेल. गंमत म्हणजे इथं मराठी शब्द इंग्रजीपेक्षा नेमका आहे. इंग्रजीत रॅबिट वेगळा, हेअर वेगळा. रॅबिट बीळ करतो, त्याची पिल्लं उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात. हेअर उघड्यावर वितो आणि त्याची पिल्लं केसाळ, डोळे उघडे घेऊनच येतात. आपल्या माळावरचा ससा हा हेअर, आणि लांब कानांचा जॅकरॅबिटही हेअरच. त्याला रॅबिट म्हणणं ही पहिल्या वसाहतकऱ्यांची चूक. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या रॅबिटलाही आपण ससाच म्हणतो, ही आपली चूक.

गोऱ्या लोकांनी हा मुलूख पाहिला तेव्हा हाताशी होती ती घरची नावं नव्या जनावरांना देऊन टाकली. आपण त्या नावांचं भाषांतर केलं, तर जनावराचं नव्हे, त्यांच्या गैरसमजाचं भाषांतर होतं.

‘गवताळ कुत्रा’ हे त्याचं उत्तम उदाहरण. ‘गवताळ’ म्हणजे गवत माजलेला. प्रदेश गवताळ असतो, बांध गवताळ असतो. गवताळ कुत्रा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पाठीवर हरळी उगवलेला कुत्रा येतो. शिवाय हा कुत्रा नाहीच. हा खारीच्या कुळातला, जमिनीत बिळं करून वसाहतीनं राहणारा कृंतक, म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा प्राणी. साउथ डकोटातल्या बॅडलँड्समध्ये मी तो पाहिलाय. बिळाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा, त्यावर दोन पायांवर उभा, पुढचे पंजे पोटावर दुमडलेले, देवळातल्या पुजाऱ्यासारखा. मग एकदम हात वर फेकून, मान मागे टाकून ‘यिप्’ करतो. एकानं केलं की शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. एक पठ्ठ्या त्या झटक्यात मागच्या मागे कोलमडला, उठला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा उभा राहिला.

या ओरडण्यामुळेच तो कुत्रा ठरला. फ्रेंच व्यापारी त्याला ‘छोटा कुत्रा’ म्हणत. १८०४ च्या सप्टेंबरात, अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीनं आजच्या नेब्रास्कात बिळांत पाणी ओतओतून एक जिवंत पकडला आणि पुढच्या वर्षी तो अध्यक्ष जेफरसनना पाठवून दिला. लुईसनं त्याला ‘भुंकणारी खार’ म्हटलं होतं. तेच नाव टिकायला हवं होतं.

अर्थात आपण हसू नये. पाणमांजर, ऊदमांजर, खवल्या मांजर, यातलं एक तरी मांजर आहे का? तेव्हा तक्त्यावर ‘प्रेअरी डॉग’ असंच लिहा. मराठीच हवं असेल, तर मी ‘माळखार’ सुचवीन. माळावरची खार, आजी-आजोबांना समजावून सांगावं लागणार नाही.

आता गवा. इथं घोळ दुहेरी आहे. इंग्रजांनी आपल्या गव्याला ‘इंडियन बायसन’ म्हटलं, त्यामुळे कोल्हापूरकडे आजही लोक ‘दाजीपूरला बायसन बघायला’ जातात आणि तिथं त्यांना गवा दिसतो. मग अमेरिकेतल्या बायसनला उलट वाटेनं गवा म्हणायला कुणी कचरत नाही. पण गवा हा गाईच्या जवळच्या नात्यातला, तुकतुकीत काळ्या अंगाचा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. बायसनच्या डोक्या-खांद्यांवर लोकरीची घोंगडी आणि हनुवटीला दाढी. आजोबांनी राधानगरीचा गवा पाहिलेला असेल, तर ते पहिल्याच नजरेत म्हणतील, ‘हा नव्हे.’ म्हैस, रानरेडा ही भाषांतरं तर अमेरिकेत बायसनलाच म्हणतात त्या ‘बफेलो’ शब्दाच्या मागे लागून झालेली. एकोणिसाव्या शतकात कोट्यवधींवरून हजाराच्याही खाली आणला गेलेला आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी झालेला हा प्राणी ‘बायसन’ म्हणूनच राहू द्या.

काळवीट मात्र खोडून टाका. मराठीत तो फक्त पिळदार शिंगांचा काळा नर. मादीलासुद्धा आपण काळवीट म्हणत नाही. प्रॉन्गहॉर्नच्या शिंगाला पुढे एक फाटा फुटतो आणि शिंगावरचं आवरण दरवर्षी गळतं. सांबर-चितळाचं अख्खं शिंग गळतं, काळवीट-चिंकाऱ्याचं आयुष्यभर टिकतं; हा दोन्हीकडचा नाही. त्याचे हयात असलेले जवळचे नातेवाईक म्हणजे चक्क जिराफ आणि त्याचा आफ्रिकी भाऊबंद ओकापी. आपला ‘हरीण’ हा शब्द सैल असल्यामुळे इथं कामी येतो, ‘प्रॉन्गहॉर्न हरीण’ चालून जाईल. बैलांची शिंगांवरून नावं ठेवणाऱ्या आमच्या गावात त्याचं नाव ‘फाटशिंग्या’ पडलं असतं.

‘कुरणचंडोल’मधलं ‘कुरण’ ठीक. फ्रेंचमध्ये ‘प्रेअरी’चा अर्थच कुरण. चंडोल ठीक नाही. मेडोलार्क कुंपणाच्या खांबावर पाठमोरा बसला की भुरका, रेघारेघांचा, अगदी चंडोल वाटतो. वळला की पिवळीजर्द छाती आणि तिच्यावर काळा ‘व्ही’. कूळच वेगळं. कॅन्ससचा तो राज्यपक्षी आहे, मुलीला शाळेत ठाऊक असेलच. मेडोलार्कच लिहा.

तक्त्यात नाही, पण कायोटी या लांडग्याहून लहान, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या तिथल्या प्राण्याला ‘कोल्हा’ म्हणायला माझी हरकत नाही, ‘लांडगा’ नको.

तक्त्यात नसलेले दोन पक्षी मी आवर्जून घालीन. प्रेअरी डॉगच्या रिकाम्या बिळांत राहणारं, दिवसाढवळ्या दिसणारं ठेंगणं घुबड हे आपल्या पिंगळ्याच्याच जवळच्या नात्यातलं, त्याला ‘बीळपिंगळा’ म्हणा. आणि किलडीअर. छातीवर दोन काळे पट्टे, उघड्या खड्यांत अंडी, जवळ गेलात की पंख मोडल्याचं सोंग करून तुम्हाला लांब नेणारा. आपल्या टिटवीच्याच कुळातला आणि टिटवीसारखंच ओरडण्यावरून नाव पडलेला. त्याच्या चित्राखाली ‘टिटवी’ लिहायला काहीच हरकत नाही, फक्त रात्री ओरडला तर आई ‘अपशकुन’ म्हणतील एवढी तयारी ठेवा.