वाचकांचे प्रश्न : पट्टे दिसले म्हणजे मधमाशी नव्हे

प्रश्न : आमच्या गच्चीवरील झेंडू आणि कोथिंबिरीच्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या येतात. त्या हवेत एकाच जागी तरंगत राहतात आणि डंख मारत नाहीत. या फुलोरी मधमाश्या असाव्यात का? (वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या वर्णनावरून या मधमाश्या नसून शेतकरी ज्यांना सिरफिड माशी म्हणतात त्या असाव्यात. डंख करणाऱ्या कीटकाचे सोंग घेतल्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. माशीला पंखांची एकच जोडी असते आणि मधमाशीला दोन, असे पुस्तकांत सांगितलेले असते. परंतु मधमाशीचे पुढचे-मागचे पंख उडताना एकमेकांत अडकलेले असल्याने ही खूण प्रत्यक्षात फारशी उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा डोके पाहावे. सिरफिड माशीचे डोळे जवळजवळ सगळे डोके व्यापतात आणि मिशा जेमतेम दिसतील इतक्या आखूड असतात. मधमाशीच्या मिशा मात्र लांब व कोपरासारख्या दुमडलेल्या असतात. अनेक सिरफिड जातींच्या अळ्या मावा ही झाडांचा रस शोषणारी कीड खातात, तेव्हा त्यांना हाकलू नये.

फुलोरी आकाराने लहान असून तिच्या पोटाचा पुढचा भाग तांबूस असतो. ती झुडपाच्या फांदीभोवती उघड्यावर एकच छोटे पोळे बांधते. आग्या मधमाशीचेही पोळे उघडे आणि एकच, पण ते कडेकपारीला, उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली लटकलेले आणि प्रचंड असते. सातेरी ही मधमाशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत शेजारी-शेजारी अनेक पोळी बांधते. माशी हातात न घेता घर पाहून ओळखणे केव्हाही सोपे आणि सुरक्षित.

प्रश्न : घराच्या वाशांना गोल भोके पाडणाऱ्या मोठ्या काळ्या कीटकाला मोबाइलवरील अॅपने ‘बंबल बी’ म्हटले. ते खरे आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. भारतातील बंबल बी प्रामुख्याने हिमालयाच्या थंड प्रदेशात आढळतात. आपल्याकडचा हा भुंगा म्हणजे सुतार मधमाशी होय. बंबल बीचे पोट दाट केसाळ असते, तर भुंग्याचे वरून गुळगुळीत आणि चकचकीत, आणि पंखांवर उन्हात निळी-जांभळी झाक दिसते. मादी लाकूड खात नाही, अंडी घालण्यासाठी केवळ पोखरते, म्हणून भोकाखाली भुश्याचा ढीग साचतो. वांग्याच्या फुलाला धरून ती अंग थरथरवते आणि परागकण झाडून घेते. हे काम सातेरीला जमत नाही. वाशांना रंग किंवा तेल लावावे आणि तिला घर करता यावे म्हणून जवळच वाळके बांबू बांधून ठेवावेत.

प्रश्न : भिंतीच्या फटीतून मेणकट नळी बाहेर आली असून तिच्या तोंडाशी चिलटांसारखे काळे कीटक बसतात. फट बुजवावी का? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : कृपया बुजवू नये. ही पोया, म्हणजे डंख न मारणारी मधमाशी असावी. तिची लांबी जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर असल्याने ती चिलटासारखी वाटते. परंतु आत जाणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे किंवा राळेचे गोळे दिसले, की शंका उरत नाही. मेण आणि राळ मिसळून ती नळी बांधते आणि आंबटसर मध षटकोनी घरांऐवजी छोट्या कुप्यांत साठवते. छेडल्यास ती केसांत शिरून चावते, एवढाच तिचा उपद्रव.